आधीच रंगवलेली भिंत

चूक वहीबाचीच होती. तिला ते पक्कं ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच पाहुणे यायच्या दिवशी सकाळपासून तिचं कशात लक्ष नव्हतं. चहात तिनं साखर दोनदा टाकली. नवऱ्यानं, बखीतनं, एक घोट घेऊन पेला खाली ठेवला.

"पाहुण्यांना हाच दे," तो म्हणाला. "तोंडं चिकटली म्हणजे काही विचारणार नाहीत."

एवढं बोलून तो विळा उचलून उसाकडे चालता झाला, तोही मागच्या दारानं. पुढच्या दारानं यायचं-जायचं त्यानं केव्हाच सोडलं होतं, कारण पुढं ती भिंत होती.

आता त्या भिंतीचं असं झालं. आपल्याकडे कुणी हजला गेलं की मागं राहिलेले लोक घराला चुना देतात, चितारी बोलावतात, भिंतीवर मक्केतला काबा काढून घेतात, विमान काढतात, आणि त्यावर हजला जाणाऱ्याचं नाव. माणूस परत येतो तो रंगलेल्या घरात. सिमेंटची घरं आली तशी ही रीत मागं पडायला लागली. ती जगवायची म्हणून कुठल्याशा परदेशी संस्थेनं इजिप्तातल्या आमच्या केनाकडच्या खेड्यांना अनुदान दिलं, आणि ते घेऊन आमच्या नगा दोममध्ये रीहाम नावाची शहरातली पोरगी आली. सोबत ममदूह चितारी. पोरगी वाईट नव्हती, उगाच का खोटं बोला. पडक्या गिरणीची खोली झाडून घेऊन तिनं गावातल्या मुलींसाठी चित्रांचा वर्ग काढला, आणि ज्या पोरींना बाप विहिरीपर्यंत एकटं सोडत नव्हते त्या तिथं हात निळे करून बसू लागल्या. पण अनुदानाला अटी असतात, आणि अटींना अक्कल नसते. अट अशी, की चित्रं रस्त्यावरून दिसली पाहिजेत. आमच्या गावात गाडी येते ती कालव्याच्या रस्त्यानं, आणि खरे हाजी राहतात सगळे मागच्या गल्लीत, जिथं दोन म्हशी समोरासमोर आल्या तर एकीला उलट्या पावली जावं लागतं. कालव्याकडे तोंड करून उभी असलेली रुंद, सपाट, मातीची भिंत गावात एकच होती. ती वहीबाची.

रीहामनं नुसती फुलं आणि खजुराची झाडं काढू म्हणून विचारलं होतं. तेवढ्यावर भागलं असतं. पण वहीबा म्हणाली, काढायचं तर पुरं काढा, आम्ही दोघं यंदा जाणारच आहोत. दोघांची नावं हजच्या सोडतीत घातलेली होती, निकाल लागायचा होता. ममदूहनं खालचा ओठ चावला आणि म्हणाला, खाला, माणूस हजला गेल्याशिवाय काढत नाहीत. त्यावर तिनं त्याला ऐकवलं, की प्रकल्प संपला की तू जाणार, मग आम्ही गेल्यावर भिंत काय तुझा बाप रंगवणार? त्या बिचाऱ्यानं कुंचला उचलला. रीहामला अर्थातच ते पसंत पडलं. तिच्या वरिष्ठांना फुलांपेक्षा काबा हवा होता.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते हेच. बखीत त्या दिवसांत धाकट्या बहिणीच्या घरी गेला होता. परत आला तो थेट कालव्याच्या कडेला थबकला. समोर पांढऱ्याशुभ्र भिंतीवर काळाभोर काबा, त्यावर सोनेरी पट्टा, वर पंख थोडे वाकडे झालेलं विमान, पांढऱ्या कपड्यातली एक बाई हातात छत्री घेऊन, आणि सगळ्यांच्या वर निळ्या अक्षरांत, 'हाजी बखीत आणि हज्जा वहीबा यांची हज कबूल होवो'. बखीत मोठ्यानं बोलणारा माणूस नाही. तो एवढंच म्हणाला, "कपाळावर लिहिलेलं नसताना भिंतीवर लिहिलंस." आणि त्या रात्री जेवला नाही.

मग निकाल लागला, आणि दोघांपैकी कुणाचंच नाव निघालं नाही.

त्या दिवसापासून गावाला चघळायला विषय मिळाला. कॉफीच्या दुकानात बखीत शिरला की कुणीतरी सरकून जागा करायचं आणि म्हणायचं, या हाजीसाहेब, जमजमचं पाणी आणलंत का आमच्यासाठी. दोनदा असं झालं, तिसऱ्यांदा तो तिकडं फिरकलाच नाही. बायका वहीबाच्या तोंडावर काही बोलत नव्हत्या, पण तिनं विहिरीवर घडा ठेवला की बोलणं थांबायचं. त्याचा तिला जास्त त्रास व्हायचा. आणि भिंत पुसून टाकावी म्हटलं तर काब्यावर चुना कोण फिरवणार? ममदूह कानाला हात लावून म्हणाला, माझे हात झडतील. मशिदीतल्या शेखनं विचार करून सांगितलं की चित्राला तसं काही पावित्र्य नाही, पण मला मात्र पुसायला सांगू नका. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली.

खरं बोलायचं तर वाट एक होती, आणि ती बखीतनं पहिल्याच दिवशी दाखवली होती. काबा राहू दे, विमान राहू दे, नाव तेवढं पूस. नावावर चुना फिरवायला कुणाच्या बापाची भीती? वहीबा हो म्हणाली. आज पुसते, उद्या पुसते. हातात चुन्याची बादली घेऊन दोनदा भिंतीपाशी जाऊन उभीही राहिली. पण त्या निळ्या अक्षरांकडे बघितलं की तिच्या मनात यायचं, आपल्या हातानं पुसलं तर पुन्हा कधी लिहिलं जाणार नाही. आयुष्यात तिनं आपलं नाव कुठं लिहिलेलं पाहिलं नव्हतं. तिला वाचता येत नव्हतं, पण त्या ओळीतलं आपलं नाव कुठलं, ते तिनं ममदूहकडून विचारून घेतलं होतं. रोज पहाटे शेणाच्या गोवऱ्या थापून झाल्या की ती जरा कालव्याकडे जायची आणि तिथून बघून यायची. हे बखीतलाही माहीत नव्हतं.

आणि आता पाहुणे येणार होते. अनुदान देणारी बाई स्वतः, तिच्याबरोबर फोटो काढणारा आणि जिल्ह्याचा एक अधिकारी. आठवड्यापूर्वी रीहाम येऊन बसली तेव्हाच तिचा चेहरा उतरला होता. पुढच्या वर्षीचं अनुदान या भेटीवर होतं. ते मिळालं नाही तर गिरणीची खोली बंद. तिनं वहीबाचा हात धरून सांगितलं, की खाला, तुमच्याच भिंतीचा फोटो मी पाठवला होता, बाईंना या घरच्या हज्जाला भेटायचंय. दोन शब्द बोला, पुष्कळ झालं. त्यांना काय कळतंय.

"पोरी, त्यांना नसेल कळत," वहीबा म्हणाली. "गल्लीतल्या बाया बहिऱ्या आहेत का?"

रीहामचं म्हणणं पडलं, की गल्लीतलं कुणी बोलणार नाही, तिनं सगळ्यांना विचारलंय. तेही खरंच होतं. गाव आपल्या माणसाला घरात सोलून काढेल, पण परक्यासमोर झाकून घेईल. सगळे गप्प बसायला कबूल होते. प्रश्न होता फक्त हज्जा फहीमाचा.

फहीमा वहीबाची पाठीमागची शेजारीण. दोघींच्या परसात मध्ये एकच कुंपण. ही काही वर्षांपूर्वी खरीखुरी हज करून आलेली. हजहून आल्यावर जीभ खोटी करायची नाही, केली तर केलेलं सगळं वाया, असं आमच्याकडे मानतात. बाकीचे हाजी हे मानतात आणि वेळ आली की विसरतात. फहीमा विसरत नाही. तिची म्हैस घ्यायला आलेल्या माणसाला तिनं आपण होऊन सांगितलं होतं, की दूध पाणचट आहे आणि लाथही मारते. गिऱ्हाईक गेलं, मुलगा डोक्याला हात लावून बसला. आधी या दोघींचं फार मेतकूट होतं, आमच्याकडे भाकरीचं पीठ उन्हात ठेवून फुगवतात, ते एकीचं फुगलं की दोघी मिळून भाजायला बसायच्या. पण हजहून आल्यापासून फहीमानं वहीबाकडे येणं जवळजवळ सोडलं. हज डोक्यात गेली, असं गाव म्हणायचं, आणि वहीबालाही तसंच वाटायचं. शिवाय भिंत रंगली तेव्हा फहीमाच बोलून गेली होती, लेकरू पोटात नाही आणि पाळणा टांगला. तिच्या घराला कुणी रंगाचं बोटसुद्धा लावलं नव्हतं, म्हणून जळून बोलते, असं म्हणून वहीबानं ते सोडून दिलं होतं. मनातून ते गेलं नव्हतं.

आदल्या दिवशी दुपारी वहीबा उन्हात फुगवलेल्या ताज्या भाकरी फडक्यात बांधून तिच्याकडे गेली. फहीमा उंबऱ्यावर भाजी निवडत बसली होती. तिनं बस म्हटलं नाही, वहीबाही बसली नाही. उद्या जरा मुलीकडे जाऊन ये, असं तिनं सुचवून पाहिलं. फहीमा म्हणाली, मुलगी काही आजारी नाही. मग वहीबानं सरळच सांगितलं. तोंड सांभाळ म्हणाली, माझी लाज तुझ्या हातात आहे.

"मी आपण होऊन काही बोलणार नाही," फहीमा म्हणाली. "पण मला विचारलं तर खोटं सांगणार नाही. मला विचारू देऊ नका."

"आणि विचारलंच तर?"

"तर तू भिंत रंगवायच्या आधी विचार करायला हवा होतास."

भाकरी मात्र तिनं ठेवून घेतल्या. वहीबाला ते कसं घ्यावं कळेना, आणि रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

गाडी आली ती ऊन चांगलं वर आल्यावर. वहीबानं धुतलेली काळी पायघोळ गलबिया घातली होती आणि चहाचं तबक हातात घेऊन ती दारात उभी होती. गाडीचं दार उघडताच तिनं ते खाली ठेवलं. गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या, भिंतीच्या सावलीला रांगेनं बसल्या होत्या, आणि इतक्या गप्प होत्या की एखाद्याला वाटावं मयताला आल्यात. गिरणीच्या वर्गातल्या मुली स्वच्छ कपडे करून रीहामच्या मागं. फहीमा शेवटी आली. तिला जागा नव्हती म्हणून ती नेमकी वहीबाच्या शेजारीच येऊन उभी राहिली, हातात जपमाळ. वहीबा अर्धं पाऊल बाजूला सरकली.

पाहुणी बाई वयस्कर होती, केस पिकलेले, हसरी. तिला खरंच आवडलं होतं, हे काही लपत नव्हतं. विमानाचे वाकडे पंख बघून ती एवढी हरखली की ममदूहनं मान खाली घातली. फोटो निघाले. मुलींनी आपापले कागद दाखवले. अधिकाऱ्यानं दोनदा घड्याळ बघितलं, तेव्हा वहीबाला वाटलं, सुटलो बहुतेक. तेवढ्यात बाई वळली आणि वहीबाचे दोन्ही हात हातात घेऊन तिच्या भाषेत काहीतरी लांबलचक बोलली. रीहामनं ते आमच्या भाषेत सांगितलं.

"खाला, त्या विचारतायत, काबा पहिल्यांदा नजरेला पडला तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?"

वहीबानं तोंड उघडलं. दोन शब्द तयार केले होते तिनं. फार छान वाटलं, देवाची कृपा. इतकंच बोलायचं होतं, पण ते तिच्यानं बोलवेना. काब्याबद्दल, काब्यासमोर, गावादेखत. तिला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. पाहुणीला वाटलं, बाई लाजली. तिनं हसून वहीबाचा हात थोपटला आणि बाजूच्या बाईकडे वळून विचारलं. बाजूला फहीमा होती.

"हज्जा," रीहाम कशीबशी म्हणाली, "त्या म्हणतात, या तर लाजतायत. परत आल्यावर यांनी तुम्हाला काही सांगितलं असेलच ना?"

झालं. वहीबानं डोळे मिटून घेतले. संपलं सगळं, हेच तिच्या मनात आलं.

फहीमाच्या जपमाळेचे मणी सरकत होते तेवढा आवाज येत होता. मग तोही थांबला.

"सांगितलं ना," फहीमा म्हणाली. "आली त्याच दिवशी सांगितलं."

सावलीला बसलेल्या बायकांपैकी कुणीतरी नुसतं 'या अल्लाह' म्हटलं.

"म्हणाली, काबा दिसला आणि पुढं पाऊलच टाकवेना," फहीमा जमिनीकडे बघत सांगत होती. तिचा आवाज सपाट होता, दुसऱ्याची भाकरी मोजून द्यावी तसा. "वाटेत पाठ केलेल्या सगळ्या दुआ विसरले म्हणाली. काही आठवेना. गावातनं निघताना किती जणींनी सांगितलं होतं, आमचं नाव घे, आमच्यासाठी माग. एकीचं नाव आठवेल तर शपथ. नुसती रडत उभी राहिले म्हणाली, मागून लोक ढकलत होते, आणि..."

"बस कर," वहीबा म्हणाली.

तिला स्वतःलाच कळलं नाही आपण बोललो ते. पण फहीमाच्या हातातली माळ तिला दिसत होती, मुठीत आवळून धरलेली, बोटं पांढरी पडलेली. ही बाई म्हशीसाठी खोटं बोलली नव्हती, मुलाच्या संसारासाठी बोलली नव्हती. आपल्या एका भिंतीपायी ती आयुष्यभराची कमाई गल्लीत उभी राहून उधळून टाकत होती. वहीबाला स्वतःची इतकी शरम आजवर कधी वाटली नव्हती.

"मी गेलेली नाही," ती रीहामला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सोडतीत नाव निघालं नाही माझं. आधीच रंगवून घेतली मी ही भिंत. गेली ती ही. आत्ता जे ऐकलंत ते हिचं आहे, माझं नाही. सांग त्यांना."

रीहाम पांढरीफटक पडली. तिनं मागं उभ्या असलेल्या मुलींकडे बघितलं, मग पाहुणीकडे वळून परक्या भाषेत काहीतरी बोलली. काय बोलली ते आजतागायत गावात कुणाला माहीत नाही. पाहुणीनं एकदा वहीबाकडे बघितलं, एकदा फहीमाकडे, आणि चष्मा काढून पुसला. मग दोघींच्या खांद्यांवर हात ठेवून ती गाडीकडे गेली. चहा तसाच राहिला.

गाडीची धूळ खाली बसायच्या आत वहीबानं परसातली चुन्याची बादली आणली. बायका उठून चालत्या झाल्या होत्या, आता विहिरीवर बोलायचं भरपूर होतं. ममदूहनं पुढं होऊन कुंचला मागितला, तर तिनं दिला नाही. बाकावर चढून तिनं आधी नवऱ्याच्या नावावर हात फिरवला. आपल्या नावापाशी ती थांबली, पण फार नाही. निळा रंग चुन्याखालून पुन्हा पुन्हा वर येत होता, तीन हात द्यावे लागले.

फहीमा गेली नव्हती. ती खाली उभी राहून बघत होती.

"मूर्ख आहेस," ती म्हणाली. "मी जीभ विटाळली ती विटाळलीच. निदान तुझी भिंत तरी राहायची. तेही फुकट घालवलंस."

"अर्धंच बोललीस. मी अडवलं ना."

"अर्ध्या खोट्याला माफी असते का ते तू शेखला जाऊन विचार."

वहीबाला हसू येत होतं आणि रडूही. ती बाकावरून खाली उतरली. "का बोललीस गं पण? काल तर उंबऱ्यावरून हाकललंस मला."

फहीमा चुन्याच्या बादलीकडे बघत राहिली.

"नावं विसरले ते खोटं नव्हतं," ती म्हणाली. "सगळ्यांची विसरले. तुझंही."

वहीबाच्या हातातला कुंचला तसाच राहिला. फहीमाची हजला जाणारी बस सुटत होती तेव्हा खिडकीतून हात घालून, बसबरोबर धावत, वहीबानं सांगितलं होतं, तिथं माझं नाव घे, म्हणजे मलाही बोलावणं येईल. ते नाव तिथं पोचलंय या भरवशावर ती इतकी वर्षं जगली होती. त्याच भरवशावर तिनं ममदूहला गप्प बसवलं होतं आणि भिंत रंगवून घेतली होती.

"परत आले तेव्हा तू पहिली धावत आलीस," फहीमा म्हणाली. "घेतलंस का विचारणार, म्हणून मी आत गेले. खोटं बोलता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तोंड नव्हतं. म्हणून तुझ्याकडे यायचंच सोडलं."

वहीबाला राग आला. चांगलाच आला. इतक्या वर्षांची एकटीची दुपार, कुंपणापलीकडून ऐकू येणारा भांड्यांचा आवाज, सगळं एकदम तिला आठवलं. कुंचला बादलीत टाकून ती मटकन बाकावर बसली. आणि मग बघता बघता तो राग ओसरलाही, कारण ही बाई आत्ता, तिच्यासमोर, म्हातारी दिसत होती.

"आता घे," ती म्हणाली.

"आता? इथं? या चित्रासमोर? वेडबिड लागलं का तुला?"

"चित्राकडे पाठ कर. खरा काबा कालव्याच्याच बाजूला आहे ना. तिकडं तोंड करून घे."

फहीमानं एकदा तिच्याकडे बघितलं. मग माळ मनगटात अडकवून तिनं भिंतीकडे पाठ केली, कालव्याच्या दिशेनं दोन्ही तळहात उघडले, आणि वहीबाचं नाव, दुआत घेतात तसं, तिच्या आईच्या नावासकट घेतलं.